गावात पेटी एकच होती

लांजेवार काकू गेल्याचं कळलं त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत कुणीतरी लिहिलं, ‘शुद्ध भजनपरंपरेच्या एका निष्ठावंत उपासिकेला आपण मुकलो.’ खाली भराभर अंगठे आले.

शुद्ध! ज्या बाईने उभ्या आयुष्यात एक गाणं म्हणून एकटं सोडलं नाही, शेजारी दुसरं आणून बसवलंच, तिला मेल्यावर शुद्ध करून टाकलं. माणूस गेलं की त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. मी तिथल्या तिथे उत्तर लिहायला घेतलं होतं. ग्रुपवर भांडायला माझी कधीच हरकत नसते. पण उत्तर लांबत चाललं आणि अंगठ्याने टाइप करायच्या मापात मावेना, म्हणून हे इथे लिहिते आहे. काकू भेसळ करायच्या. राजरोस करायच्या, आणि ती त्यांनी का केली हे निदान एका ठिकाणी तरी लिहिलेलं असावं.

काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, वैनगंगेच्या काठावरच्या एका खेड्यातल्या. यजमान गेल्यावर मुलाकडे, प्रशांतकडे, कर्वेनगरला आमच्या इमारतीत राहायला आल्या. प्रशांत आणि त्याची बायको श्वेता दोघंही हडपसरला कंपनीत. सकाळी अख्खं पुणं ओलांडून जायचे आणि दिवेलागणीनंतर तेच पुणं पुन्हा ओलांडून यायचे. मधला सगळा दिवस काकू आणि दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी.

ठेंगणी, सावळी मूर्ती. पदर कमरेला खोचलेला, चष्म्याला दोरी, आणि उजवा तळहात सदैव कामात. मांडीवर ठेका चालू. मांडी नसेल तर स्वयंपाकाचा ओटा, लिफ्टचं दार, रिक्षाची सीट, जे समोर असेल ते. कुठलाही सूर कानावर आला की त्या मान किंचित तिरकी करायच्या. मिक्सर असो, नाहीतर पार्किंगमध्ये उलटी येणारी एखादी गाडी जी टिणटिण धून वाजवते ती असो. डोळे मिटून ओठातल्या ओठात दुसरं काहीतरी त्यावर घालून बघायच्या. जमलं की तळहात थाड्कन आपटून म्हणायच्या, “बसते!”

नाही जमलं तर नुसतं “अं हं”. मग त्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही.

त्यांची माझी ओळख कचऱ्याच्या गाडीने करून दिली. सकाळी आमच्या गल्लीत महापालिकेची गाडी येते तेव्हा कर्ण्यावर एक गाणं वाजत असतं. ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा, असं नागरिकांना बजावणारं. एके दिवशी त्या गाण्याच्या वरून एक खणखणीत ओवी ऐकू आली. जात्यावरची, संथ, लांब श्वासाची. खाली ओला-सुका चाललं होतं आणि वर भाऊ बहिणीला माहेरी न्यायला निघाला होता. दोन्ही एकमेकांना इतकी बिलगून चालली होती की मी हातातली बादली घेऊन फाटकापाशी तशीच उभी राहिले. गाडीवाल्यानेसुद्धा गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबवली. नंतर नंतर तो आमच्या फाटकापाशी आला की वर बघून हॉर्न द्यायचा.

अर्थात पुणं आहे. तक्रार झालीच. पहिल्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांच्या शांततेचा भंग झाला आणि फलकावर सूचना लागली: ‘गॅलरीत उभे राहून मोठ्याने गाऊ नये.’ काकूंनी चष्मा सावरून ती नीट वाचली. दुसऱ्या दिवशी गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची आली आणि काकू खुर्चीवर बसून गायल्या. सेक्रेटरी वर गेले तर म्हणाल्या, “उभं राहून नाही म्हनते तुमची पाटी. बसून म्हनते का काही?”

सेक्रेटरी खाली आले. फलकावरची सूचना पुढे पावसात भिजून आपोआप गळून पडली.

आमच्या सोसायटीचं महिला भजनी मंडळ आहे. दर गुरुवारी चार वाजता आम्ही तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसतो. मी पेटी वाजवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर दुसरं काही वाजवण्यासारखं उरलं नव्हतं. मंडळाच्या प्रमुख आगाशेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंचं सगळं वेळेवर, पट्टीत आणि ठरल्याप्रमाणे. भजनंही त्या स्वतः रचतात, आणि चांगली रचतात, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे.

काकू पहिल्या गुरुवारी आल्या त्या स्वतःची झांज घेऊन. चिवड्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली. आगाशेबाईंनी विचारलं, “आपण गाता का?”

“गातो ना.”

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या भागातल्या कित्येक बायका ‘गातो, जातो, करतो’ असंच बोलतात, हे बाईंना ठाऊक होतं, पण कानाला सोसत नव्हतं. काकूंना मागच्या रांगेत जागा मिळाली. पहिली दोन भजनं ठीक झाली. तिसऱ्यात, बायका ओळ संपवून श्वास घ्यायला थांबल्या त्या एवढ्याशा फटीत मागून एक भलतीच चाल शिरली. आडदांड, उडत येणारी, डफावर शोभावी अशी. ओळीच्या शेवटाला ती येऊन अलगद बसली आणि आमचं गेली काही वर्षं वाळत पडलेलं भजन ताठ उभं राहिलं. बायका दचकल्या आणि मग दुप्पट जोराने म्हणायला लागल्या. दळवी वहिनी तर डोलत होत्या. आगाशेबाईंनी हात वर करून थांबवलं.

“हे काय होतं?”

“बसलं ना पन,” काकू म्हणाल्या.

“बसलं की नाही हा प्रश्न नाही. ते आपलं आहे का, हा प्रश्न आहे.”

गाणं बसलं असेल तर आणखी कसली चौकशी करायची, हे काकूंना खरोखरच समजलं नसावं.

बायका यायच्या आधी मी पेटी उघडून बसायची. वाट बघताना बोटं पट्ट्यांवर फिरत राहतात, भाता बंद, त्यामुळे आवाज नाही. एका गुरुवारी काकू लवकर आल्या आणि शेजारी बसून माझ्या बोटांकडे बघत राहिल्या.

“हे बिनहवेचं काय वाजवून राहिल्या, ताई?”

“काही नाही. सवय.”

“एकच चाल आहे. मी मागच्या खेपेलेही पाहिली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमच्या घरी कोनतं गानं चालत नव्हतं?”

मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नव्हतं. पेठेतलं घर, वडील स्वतः गाण्याचे शौकीन. काकूंनी मान हलवली आणि तो विषय त्यांनी तिथेच ठेवला. पण त्यांची स्वतःची गोष्ट त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली, मेथी निवडताना एखादी बाई सांगते तशी, हात आणि तोंड एकाच वेगाने चालवत.

काकूंचे वडील, गोमाजी, खडी गंमत करणारे शाहीर. खडी गंमत म्हणजे त्या भागातलं लोकनाट्य. डफ-ढोलकीवर उभ्याने चालायचं. पुरुषच लुगडं नेसून नाचायचे आणि शाहीर सवालजवाब करायचा. हेच गोमाजी एकादशीला देवळात भजनालाही बसायचे. गावात पेटी एकच होती. भजनाला तीच आणि गमतीलाही तीच, बैलगाडीत घालून इकडून तिकडे न्यायची. “पेटीले कोनी विचारलं नाही, बाई तू कोनाची,” काकू म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी दोन प्रकारचं गाणं असं काही नव्हतंच. जागा वेगळी, माणसं तीच, सूर तेच.

लग्न होऊन सासरी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात चूल पेटवताना वडिलांचं गाणं गुणगुणल्या. सासू दारात येऊन उभी राहिली. ‘तमासगिराची पोरगी आनली हे गावाले ऐकवतं का?’ त्या दिवसापासून त्या घरात भजन तेवढं चालेल, असं ठरलं. नवऱ्याने यात काही म्हटलं नाही. वाईट माणूस नव्हता, पण काही म्हणणारा नव्हता. काकूंनी मग एक वाट काढली. वडिलांची चाल घ्यायची आणि तिच्यात देवाचे शब्द घालायचे. कधी अर्धी ओळ देवाची चाल, उरलेली अर्धी गोमाजींची. सासूला वाटायचं, सून काय भक्तिभावाने म्हणते! शेजारणी म्हणायच्या, तुमच्या सुनेची चाल वेगळीच आहे हो. अशी चाळीसेक वर्षं काढली त्यांनी. गोमाजींची जवळजवळ सगळी गाणी अशी देवाच्या पोशाखात त्या घरात नांदली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

“चाल वाचली,” काकू म्हणाल्या, “शब्द आतल्या आत कुजून गेले. आता एकच गानं पूर्न याद आहे. ते एकदा चारचौघांत म्हनायचं आहे. त्याच्याच शब्दात, आन त्याचं नाव घेऊन. आनखी काही नाही पाहिजे मले.”

मला तेव्हा वाटलं, एवढंच ना! त्यात काय कठीण आहे?

सुनेला, श्वेताला, सासूचं हे वेड आवडायचं. ती एकदा म्हणाली, “आई, तुम्ही जे करता ना त्याला मॅशअप म्हणतात. लोक फोनवर करतात, लाखो लोक ऐकतात.” काकूंनी मॅश म्हणजे काय ते विचारून घेतलं. कुस्करणं, असं कळल्यावर त्या एकदम भडकल्या. “कुस्करत नाही वं मी! कुस्करलं तर दोन्ही मरतात. एक श्वास घेते तेव्हा दुसरीनं जागा घ्यायची, इतकंच. दोघीही जित्या राहिल्या पाहिजेत.”

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. काकूंना काहीही कशातही घातलेलं चालायचं असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. एका गणपतीत आमच्या पोरांनी आरतीला खालून दणदणाट जोडला होता, छातीत धडकी भरवणारा. पोरं मोठ्या आशेने काकूंकडे बघत होती, की निदान ही म्हातारी तरी आपल्या बाजूची. काकू उठून त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडून म्हणाल्या, “हे बसलं नाही! ठोकून बसवलं!” पोरांनी आवाज कमी केला. मग काकूंनी त्यांच्यातल्याच एकाला ढोलकीवर बसवलं आणि त्या दणक्यातला नेमका कुठला तुकडा आरतीला सोसतो ते दाखवलं. तेवढाच ठेवला, बाकीचा उपटून काढला. पोरांना तो आधीच्यापेक्षा जास्त आवडला. वर्गणीच्या पावत्या घेऊन आलेले वडीलधारे मात्र दोन्ही वेळेला सारखेच नाराज होते.

मी एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना माझी एक जोडी सुचवली. एक नाट्यगीताची चाल आणि एक कोळीगीताची. काकूंनी ऐकलं, मांडीवर दोन थापा मारल्या. “अं हं.” मी म्हटलं, अहो, सूर तर जुळतात. त्या म्हणाल्या, “सूर जुळतात. पन एकमेकीशी बोलत नाहीत त्या. तुम्ही लगीन लावून राहिल्या पत्रिका पाहून.”

त्या वर्षी कोथरूडच्या एका सभागृहात भजनी मंडळांची स्पर्धा होती. आगाशेबाईंनी खास नवं भजन रचलं. त्याचं ध्रुपद असं:

तुझ्या दारी आले देवा, रिकाम्या या ओंजळीने.

साधं, चांगलं भजन. पहिल्या तालमीला काकूंनी ते ऐकलं आणि त्यांची मान तिरकी झाली. डोळे मिटले. ओठ हलले. मी बघत होते. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या आणि मग तळहात मांडीवर पडला, पण थाड्कन नाही, हळूच. “बसते,” त्या पुटपुटल्या. डोळ्यांत पाणी होतं.

तालीम संपल्यावर त्या बाईंजवळ गेल्या आणि त्यांनी गोमाजींचं गाणं पहिल्यांदा मोकळ्या आवाजात म्हणून दाखवलं:

धान कापता कापता सखे, विळा माझा हरवला,
कोन्या बांधीत शोधू आता, जीव माझा अडकला.

बांधी म्हणजे भाताचं खाचर. चाल तीच, जी पहिल्या गुरुवारी आमच्या भजनाच्या फटीत शिरली होती. काकूंचं म्हणणं असं, की बाईंची ओळ सगळ्यांनी धरायची आणि त्यात विळ्याची ओळ सोडायची. आणि सुरू करायच्या आधी, हे शाहीर गोमाजींचं, एवढं सांगायचं.

आगाशेबाईंनी शांतपणे नियमांचा कागद पुढे केला. चित्रपटगीतांच्या चाली चालणार नाहीत. लोकनाट्याच्या चाली आणि पदं चालणार नाहीत. भंग झाल्यास मंडळ बाद.

बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून त्यांच्या परीने फार मोठी सवलत दिली. “असं करू या. चाल राहू दे. छानच आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त शब्द काढू आणि त्या जागी देवाचं नाव घालू. नाव वगैरे सांगायची गरज नाही. कोणाला कळणार आहे?”

मला वाटलं, सुटला प्रश्न! दळवी वहिनींनाही तसंच वाटलं. काकू मात्र हसल्या. त्यांचं ते हसू मला नीटसं बघवलं नाही.

“बाई, हेच केलं ना मी जन्मभर. सासू म्हने तसंच. तुम्ही आन माही सासू, कधी भेटल्या का कुठं?”

“कृपया वैयक्तिक होऊ नका.”

“वैयक्तिकच आहे ते. माहा बाप आहे.” काकूंनी झांज फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. “मी चोरून नाही म्हननार आता. तुमच्या पाठीमागंही नाही करनार. स्टेजवर म्हननार आहे, शब्दासकट आन नावासकट. मले काढायचं तर आजच काढून टाका.”

आगाशेबाई कागदाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पुढच्या तालमीला वेळेवर या.” याचा अर्थ काय घ्यायचा ते कुणालाच कळलं नाही. बाईंनी काकूंना काढलं नाही. परवानगीही दिली नाही. उरलेल्या सगळ्या तालमी आम्ही भजन जसं लिहिलं होतं तसं म्हटलं, आणि काकूही तसंच म्हणाल्या. घरी प्रशांतने आईला समजावलं, आई, इथे सोसायटीत राहायचंय आपल्याला. काकूंनी त्याला वाढता वाढता विचारलं, “तुह्या आजोबाचं नाव काय?” त्याला आठवायला वेळ लागला. काकूंनी त्याच्या पानात भात वाढला. हे मला श्वेताने सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळ्या एकसारख्या मोरपंखी साड्यांत. समोर परीक्षक, त्यांच्यापुढे पितळी घंटी. भजन सुरू झालं. पहिलं कडवं व्यवस्थित. दुसरंही. ध्रुपदावर आलो, बायका श्वास घ्यायला थांबल्या आणि मागच्या रांगेतून काकू उठून पुढे आल्या. माईक आगाशेबाईंसमोर होता. काकूंनी तो हिसकावला नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाईंकडे बघितलं. बाई अर्धं पाऊल सरकल्या. रागाने सरकल्या की कशाने, ते मी आजवर विचारलेलं नाही.

“हे पुढचं माह्या बापाचं आहे,” काकू म्हणाल्या. “शाहीर गोमाजी. खडी गंमत करत होता.”

आणि विळा हरवला.

पहिली ओळ त्यांनी एकट्याने म्हटली. मी पेटी थांबवली नाही, एवढीच माझी कामगिरी. ओळ संपली तशी मागून दळवी वहिनींनी, घाबरत का होईना, बाईंची ओळ उचलली, ‘रिकाम्या या ओंजळीने’. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं ते, जे काकूंना त्या पहिल्या तालमीत ऐकू आलं असणार. शेतात विळा हरवून बसलेला माणूस आणि देवाच्या दारात ओंजळ धरून उभी राहिलेली बाई, दोघं एकाच गावची निघाली. एकाची ओळ संपायची तिथे दुसरीची उचलली जायची आणि कोण कुणाला उत्तर देतंय ते सांगता येऊ नये. प्रेक्षकांत मागे कुणीतरी शिट्टी मारली, भजनस्पर्धेत!

घंटी वाजली. काकू गात राहिल्या. घंटी पुन्हा वाजली. काकूंनी मान तिरकी केली, आणि देवाशपथ सांगते, पुढच्या घंटीला त्यांनी ठेक्यात धरून घेतलं. परीक्षकांनी घंटी खाली ठेवली.

निकाल तिथेच जाहीर झाला. नियमभंगामुळे आमचं मंडळ स्पर्धेबाहेर. काकूंनी स्टेजवरूनच विचारलं, “बाहेर म्हंजे दाराबाहेर का? तिथं गाता येते?” आणि उत्तराची वाट न बघता झांज उचलून खाली उतरल्या. बाहेर पार्किंगमध्ये, स्कूटरच्या रांगांमध्ये, आम्ही ते पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. चहावाला आला, दुसऱ्या मंडळांच्या बायका आल्या, दोघी तर स्वतःची पाळी सोडून आल्या. कुणी कुणी विचारत होतं, हे कुणाचं? दर वेळी काकू पूर्ण नाव सांगत होत्या, बापाचं, आजोबाचं, गावाचं, एखाद्या कचेरीत सांगावं तसं ठासून.

परतताना रिक्षात आगाशेबाई, काकू आणि मी. कर्वे पुतळ्यापाशी सिग्नल लागला तेव्हा बाई समोर बघतच म्हणाल्या, “नियम मोडला तो मोडलाच. माझं मत बदललेलं नाही.” सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर त्याच आवाजात म्हणाल्या, “ती विळ्याची ओळ पुन्हा म्हणा जरा.”

पुढच्या वर्षी प्रशांतने वाघोलीला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि काकू गेल्या. कर्वेनगरहून वाघोली म्हणजे दुसरा जिल्हाच. जाऊ जाऊ म्हणत राहिले. शेवटी श्वेताचा फोन आला, की आईंना बरं नसतं, तुमची आठवण काढतात, येताना पेटी आणा म्हणतात. पेटी घेऊन दोन बस बदलणं या वयात शक्य नव्हतं. रिक्षा केली आणि नगर रस्त्याच्या गर्दीत तासन्तास बसले.

काकू खूप वाळल्या होत्या. उशांना टेकून बसलेल्या. खोलीत सात-आठ बायका खाली सतरंजीवर. एक बिहारची, एक तेलंगणाची, एक लातूरकडची, एक शेजारच्या इमारतीत पोळ्या करणारी. मंडळ नव्हतं, नाव नव्हतं, पट्टीसुद्धा ठरलेली नव्हती. काकू प्रत्येक नव्या बाईला एकच प्रश्न विचारायच्या, म्हणे. तुह्या घरी कोनतं गानं चालत नव्हतं? आणि ती जे सांगेल ते घेऊन दुसरीच्या शेजारी बसवायच्या. बिहारच्या बाईचं लग्नातलं शिव्यांचं गाणं लातूरच्या पाळण्यात बसलं होतं. पोळ्या करणाऱ्या बाईंनी शाळेत असताना मार खाऊन सोडलेलं एक सिनेमातलं गाणं तेलुगू आरतीच्या मधोमध. त्या बायका ते इतक्या मोकळ्या गळ्याने म्हणत होत्या की इंटरकॉम दोनदा वाजला. श्वेताने तो उचलला नाही. सासूच्या हाताखाली तयार झालेली सून.

मी पेटी उघडली. काकूंचा आवाज आता जेमतेम पोचत होता. “ताई,” त्या म्हणाल्या, “आता तरी सांगा. तुमच्या घरी कोनतं चालत नव्हतं?”

आमच्या पेठेतल्या घराखाली एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या रेडिओवर दुपारी एक लावणी लागायची आणि ती सुरू झाली की वडील उठून खिडकी लावायचे. न बोलता, न चिडता. मी पेटीवर बसलेली असायची. खिडकी बंद झाली की उरलेली लावणी मी पट्ट्यांवर बोटांनीच पूर्ण करायची. भाता न दाबता. पन्नास वर्षं होऊन गेली. शब्द बहुतेक गेले, बोटांना तेवढी ठाऊक आहे.

मी हे काही सांगितलं नाही. बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि डाव्या हाताने भाता ओढला. आवाज आला तेव्हा माझी मीच दचकले. खोलीतल्या बायका वळल्या. बिचकत बिचकत, अडखळत, मी ती चाल वाजवायला लागले.

काकूंनी डोळे मिटले. मान तिरकी झाली. वाळलेला तळहात चादरीवर ठेका शोधायला लागला. त्या आता काय म्हणणार, याची मी शाळकरी मुलीसारखी वाट बघत होते.

“हवा कमी पडून राहिली, ताई,” काकू डोळे न उघडता म्हणाल्या. “दाबा जोरानं.”